टस्कीगी म्हणजे फक्त कार्व्हर का? अलाबामातल्या एका काउंटीच्या गावाबद्दल

रानजाई
आपल्यापैकी बहुतेकांना टस्कीगी हे नाव 'एक होता कार्व्हर' या शेतीशास्त्रज्ञाच्या चरित्रामुळे माहीत आहे. माझे सासरे कृषी महाविद्यालयात शिकवायचे. इथे अटलांटाला आल्यापासून ते एकच म्हणतायत, "न्यूयॉर्क राहू दे, मला कार्व्हरांच्या गावाला ने." तर पुढच्या महिन्यात जायचं ठरलंय.

त्यानिमित्ताने वाचायला घेतलं आणि एक गोष्ट खटकली. आपल्या डोक्यात टस्कीगी म्हणजे एक प्रयोगशाळा, त्यात एक साधुपुरुष आणि बाहेर भुईमुगाचं शेत. पण हे मेकन काउंटीचं मुख्य गाव आहे. तिथे कोर्ट आहे, चौक आहे, तिथली माणसं आहेत. मतदानाचा हक्क, शाळा, दवाखाना, प्रत्येक गोष्टीसाठी या गावात जी झुंज झाली, ती आपण कधी ऐकलीच नाही. माझं मत असं की कार्व्हर जिथे शिकवायचे ते कॉलेज बघून गाव न बघता परत आलं तर कार्व्हरही अर्धेच कळतात.

कोणी जाऊन आलंय का? गावात काय बघावं, आणि तुम्हाला हे गाव कसं वाटलं, दोन्ही लिहा.

कूट_घाला_थोडं
सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, पीनट बटर कार्व्हरांनी शोधलेलं नाही. आमच्या घरी या एका वाक्यावरून जेवणं थांबली होती.

तांबडमाती
मी शेजारी ऑबर्नला मृदाशास्त्रात पीएचडी करतोय, टस्कीगी गाडीने अर्ध्या तासाच्या आत. खूपदा जाणं होतं.

कार्व्हर १८९६ मध्ये आले तेव्हा या भागात वर्षानुवर्षं कापसामागून कापूस घेऊन जमिनीतलं नत्र संपलेलं होतं. वाट्याने कसणारा शेतकरी बियाणं, खत, किराणा सगळं उधारीवर घ्यायचा, आणि उधारी देणारा म्हणायचा कापूसच लाव, कारण कापसालाच बाजार. म्हणजे जमीन खंगली ती अडाणीपणामुळे नव्हे, कर्जामुळे. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. चवळी, भुईमूग, रताळं यांचा आग्रह तिथून आला. चवळी-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, आणि बाजार पडला तरी घरात खायला राहतं. भुईमुगाचे पदार्थ त्यांनी नंतर शोधले, लोकांनी पिकवलेलं खपावं म्हणून.

१९०६ मध्ये त्यांनी एक घोडागाडी बांधून घेतली, जेसप वॅगन. अवजारं, बियाणं, दूध काढायची साधनं घालून ती थेट शेतकऱ्याच्या बांधावर न्यायची. सासऱ्यांना प्रयोगशाळेपेक्षा या गाडीबद्दल जास्त सांगा. कृषी विस्तार शिकवलं असेल तर त्यांचा जीव त्यात गुंतेल.

शेवंता_पाटील
तांबडमाती, सुरेख लिहिलंत. "कर्जामुळे" या शब्दाला अनुमोदन.

दिंडीदरवाजा
गावाच्या इतिहासाबद्दल थोडं, कारण धाग्याचा विषय गाव आहे.

ही मस्कोगी क्रीक लोकांची भूमी. टस्कीगी हे नावही त्यांच्याच वस्तीचं. १८३२च्या तहाने त्यांची जमीन गेली, त्याच वर्षी मेकन काउंटी झाली आणि १८३३ मध्ये हे गाव वसवलं गेलं. मग कापूस, मग गुलामांचे बाजार. यादवी युद्ध संपलं तेव्हा काउंटीत काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती.

कॉलेज कसं निघालं ते ऐका. १८८०च्या सुमारास काळे पुरुष अजून मत देत होते. एका गोऱ्या उमेदवाराला राज्याच्या सेनेटमध्ये निवडून यायचं होतं. तो गेला लुईस अ‍ॅडम्सकडे. अ‍ॅडम्स पूर्वी गुलाम होते, आता पत्र्याचं काम करायचे, आणि त्यांच्या शब्दाला समाजात वजन होतं. अ‍ॅडम्सनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, शाळा मागितली. उमेदवार निवडून आला, शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले. जमिनीला आणि इमारतीला एक पैसा नाही! ४ जुलै १८८१ला पंचवीस वर्षांच्या बुकर टी. वॉशिंग्टननी चर्चजवळच्या मोडक्या खोपटात वर्ग सुरू केला.

शाळा मतांच्या बदल्यात मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे याच गावात मतंच काढून घ्यायचा प्रयत्न का झाला, ते इथून कळतं.

सोनकी
मी वेगळं मत मांडते. माँटगोमेरीला नवऱ्याची नोकरी होती तेव्हा आम्ही गेलो होतो. कॅम्पस छान आहे, वादच नाही. पण गावाच्या चौकात उतरलो आणि वाईट वाटलं. कोर्टाची घड्याळाचा मनोरा असलेली इमारत दिमाखात उभी, आणि समोर दुकानांना कुलपं. दुपारी चहा प्यायला जागा शोधत फिरलो. लोकसंख्या दहा हजारांच्या आत आली आहे म्हणे. रानजाई, वयस्कर माणसांना घेऊन तिथे उगाच पायपीट करू नका. कॅम्पस बघा आणि निघा.

तांबडमाती
सोनकीताई, कुलपं आहेत हे खरं. पण ती का लागली, त्यातच या गावाचा इतिहास आहे. कोणी कायद्याचा अभ्यासक असेल तर १९५७ची गोष्ट सांगा ना, मला नीट सांगता येणार नाही.

आबा_वकील
हा माझा विषय. सातारच्या कोर्टात वकिलीत हयात गेली. लेक अमेरिकेत आहे म्हणून टस्कीगीला जाता आलं.

आधी हे समजून घ्या की या गावातला काळा समाज बाकी दक्षिणेपेक्षा वेगळा होता. कॉलेजमुळे प्राध्यापक होते. १९२३ मध्ये काळ्या सैनिकांसाठी केंद्र सरकारचं मोठं रुग्णालय इथे आलं, त्यामुळे डॉक्टर, परिचारिका, कारकून होते. (ते रुग्णालय काळ्या डॉक्टरांनी चालवू नये म्हणून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने गावातून मोर्चा काढला होता. तरी पुढच्याच वर्षी तिथे काळा प्रमुख आला.) या लोकांचा पगार गावातल्या गोऱ्या जमीनदाराच्या हातात नव्हता. "नोकरीवरून काढीन" ही धमकी त्यांना चालत नव्हती.

मग त्यांना मतदार यादीबाहेर ठेवायचं कसं? नोंदणीचं मंडळ बसायचंच नाही. बसलं तर रांग मुद्दाम रेंगाळायची. कुणा गोऱ्या मतदाराची हमी आणा म्हणायचे. डॉक्टरेट असलेला प्राध्यापक 'वाचता येत नाही' म्हणून नापास. तरीही चार्ल्स गोमिलियन नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांची टस्कीगी सिव्हिक असोसिएशन चिकाटीने एकेक नाव यादीत घालत राहिली. ४०० नावं झाली. गोऱ्यांना दिसायला लागलं की नगरपालिका जाणार.

म्हणून १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. आधी गाव नकाशावर चौकोनी होतं. नवी हद्द अठ्ठावीस बाजूंची. कोर्टात तो नकाशा निकालपत्राला जोडलेला आहे. तो पाहिल्यावर युक्तिवादाची गरजच उरत नाही. ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर, कॉलेजही बाहेर, आणि गोरा मतदार एकही बाहेर नाही!

याविरुद्ध गोमिलियन कोर्टात गेले आणि खालच्या दोन्ही कोर्टांत हरले. कारण हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, असा जुना दंडक होता. फ्रेड ग्रे हे तरुण काळे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९६० मध्ये निकाल, गोमिलियन विरुद्ध लाइटफूट, एकमताने. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर एरवी मतदारसंघांच्या राजकारणात कोर्टाने पडू नये असं ठामपणे मानणारे. त्यांनीच निकाल लिहिला: वंशावरून मत काढून घेण्यासाठी हद्द आखली असेल तर घटनेची पंधरावी दुरुस्ती आड येते.

चौकात उभा राहिलो तेव्हा मला वकील झाल्याचं सार्थक वाटलं. एवढंच म्हणतो.

सोनकी
आबा, हे मला माहीतच नव्हतं. पण कुलपांचा संबंध?

आबा_वकील
हद्द बदलल्यावर लोकांनी ठरवलं, ज्यांनी आपल्याला गावाबाहेर काढलं त्यांच्या दुकानात पाय ठेवायचा नाही. सगळ्या काउंटीत गिऱ्हाईक काळंच. अनेक गोरी दुकानं बंद पडली. आणि हे कोर्टाचा निकाल येण्याच्या तीन वर्षं आधी सुरू झालेलं. मग १९६३ मध्ये टस्कीगी हायस्कूलमध्ये तेरा काळी मुलं प्रवेश घेणार होती, तर गव्हर्नर वॉलेसने राज्याचे पोलीस पाठवून शाळाच बंद केली. न्यायाधीश फ्रँक जॉन्सननी ती उघडायला लावली, तेव्हा गोऱ्या पालकांनी एकूण एक मूल काढून घेतलं आणि वेगळी खाजगी शाळा काढली. याच खटल्यातून १९६७ मध्ये सबंध अलाबामाच्या शाळांत काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्याचा हुकूम झाला. गावातून गोरा पैसा गेला तो असा.

लिंबलोण
पण आबा, सगळं खापर त्यावर फोडता येणार नाही. १९७०नंतर काळा मध्यमवर्गही ऑबर्न, ओपेलायका, माँटगोमेरीकडे खरेदीला जायला लागला. इंटरस्टेट ८५ गावाच्या उत्तरेकडून निघून जातो. दक्षिणेतल्या कितीतरी छोट्या काउंटी-गावांचे चौक असेच रिकामे आहेत, जिथे असा लढा झालाच नाही. आम्ही जॉर्जियात राहतो, आमच्या काउंटीच्या गावात कोर्टाभोवती वकिलांच्या पाट्या आणि एक जुन्या वस्तूंचं दुकान, बाकी शांतता.

तांबडमाती
लिंबलोण यांचंही बरोबर. दोन्ही कारणं आहेत. ऑबर्नला मी रोज बघतो, टस्कीगीच्या नंबरप्लेटी मॉलच्या पार्किंगमध्ये भरपूर.

डॉ_अनामिका
या गावाचं नाव आम्हा डॉक्टरांना वेगळ्याच कारणाने माहीत असतं आणि इथे अजून कोणी काढलं नाही, म्हणून लिहिते. सिफिलिसचा 'अभ्यास'. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं.

कूट_घाला_थोडं
हो, ज्यात काळ्या माणसांना मुद्दाम सिफिलिस टोचला होता तेच ना? भयंकर.

डॉ_अनामिका
नाही, टोचला नव्हता. हा गैरसमज सगळीकडे आहे आणि तो दूर व्हायला हवा, कारण खरी गोष्ट यापेक्षा कमी वाईट नाही.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने मेकन काउंटीतले सुमारे ६०० गरीब शेतकरी निवडले. ३९९ जणांना आधीच सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना सांगितलं, तुमचं 'रक्त खराब' आहे, आम्ही उपचार करू. उपचार करायचेच नव्हते. आजार शेवटपर्यंत गेला की शरीराचं काय होतं ते मृत्यूनंतर चिरून बघायचं होतं. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे आणि त्याला 'खास मोफत उपचार' म्हणायचे. गाडी घ्यायला यायची, गरम जेवण मिळायचं, आणि शवविच्छेदनाला संमती दिली तर अंत्यविधीचा खर्च. १९४७पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता. तरी यांना दिलं नाही. नवऱ्याकडून बायकांना, बायकांकडून बाळांना आजार गेला.

पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षं तक्रारी करून शेवटी वर्तमानपत्रांपर्यंत माहिती पोचवली, तेव्हा १९७२ मध्ये हे थांबलं. खटला कोणी लढवला? पुन्हा फ्रेड ग्रे. १९७४ मध्ये एक कोटी डॉलरची तडजोड झाली. आज मी रुग्णाकडून संशोधनासाठी संमतीपत्र घेते, त्याचे अमेरिकेतले नियम या प्रकरणानंतर कडक झाले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी १९९७ मध्ये माफी मागितली तेव्हा मोजकेच जण हयात होते.

माझा राग कॉलेजवरही आहे. त्यांनी आपलं रुग्णालय आणि आपलं नाव दिलं. शेतकरी ज्या संस्थेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे तीच ही संस्था.

दिंडीदरवाजा
डॉक्टर, राग समजतो. पण कॉलेजला किती माहीत होतं आणि केंद्र सरकारच्या खात्याला नाही म्हणायची १९३२ मधल्या काळ्या संस्थेची कितपत ताकद होती, हेही धरावं लागेल. महामंदीचा काळ, पैसा सरकारी, डॉक्टर सरकारी.

डॉ_अनामिका
१९३२चं मी समजून घेईन. १९४७नंतरचं नाही.

शेवंता_पाटील
हे वाक्य मनात राहणार.

बिनधास्त_बाळ्या
विषय जड झालाय म्हणून एक हलकी माहिती. गायक लायनेल रिची याच गावचा, आणि कमोडोर्स हा बँड टस्कीगीच्या कॉलेजातल्या पोरांनी १९६८ मध्ये सुरू केला. बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचा जन्मही टस्कीगीचाच, १९१३. दहा हजारांच्या गावाने अजून किती द्यावं!

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. एक प्रश्न. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावर टीका खूप वाचली. 'हक्क मागू नका, हातात कसब आणा' असं सांगून गोऱ्यांशी जुळवून घेतलं म्हणे. सासरे मात्र त्यांचे भक्त आहेत.

दिंडीदरवाजा
टीका खोटी नाही. १८९५च्या अटलांटातल्या भाषणाचा तोच सूर होता, आणि काळे विचारवंत ड्यू बॉइस यांनी त्यावर कडाडून लिहिलं. आपल्याकडे आगरकर-टिळकांत आधी काय यावर जसे गट पडले तसेच इथेही पडले. पण एक गोष्ट तोलून बघा. १९०१च्या नव्या राज्यघटनेने अलाबामाने काळ्यांची मतं जवळपास पुसून टाकली. त्याविरुद्ध माँटगोमेरीतून गाइल्स विरुद्ध हॅरिस हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याला गुपचूप पैसा पुरवला वॉशिंग्टननी. बाहेर मवाळ बोलायचं आणि आतून खटले लढवायचे. हा माणूस भाषणांवरून तोलता येणार नाही. टस्कीगीत सगळ्या विटा पोरांनी पाडल्या, त्या आधी बघा. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या आणि चौथीसाठी यांनी आपलं घड्याळ गहाण टाकलं. इमारतींचे आराखडे रॉबर्ट टेलर यांचे, एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले काळे स्थापत्यकार.

आबा_वकील
गाइल्सचा मुद्दा चोख. १९०३ मध्ये तो खटला हरले, १९६०ला गोमिलियन जिंकले. मधली सत्तावन्न वर्षं मतदार यादीच्या रांगेत गेली.

लिंबलोण
चौकातल्या पुतळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही? कोर्टासमोर बागेच्या मधोमध कॉन्फेडरेट शिपाई, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेला, उभा आहे, १९०६चा. काउंटीने ती जागा गोऱ्या बायकांच्या एका संघटनेला दिली, 'गोऱ्या लोकांसाठी बाग' म्हणून. ज्या गावात आज बहुसंख्य काळे, नगराध्यक्ष काळा, शेरीफ काळा, तिथे हा शिपाई उभा. जमीन खाजगी संघटनेची, त्यामुळे वाद कोर्टात गेला. २०२१ मध्ये जॉनी फोर्ड, जे १९७२ मध्ये गावचे पहिले काळे महापौर झाले, ते स्वतः करवत घेऊन गेले आणि पुतळ्याच्या पायात करवत घातली.

बिनधास्त_बाळ्या
सत्तरीच्या पुढचे माजी महापौर करवत घेऊन! मानलं.

तांबडमाती
त्याच पुतळ्याला १९६६ मध्ये पोरांनी रंग फासला होता, त्यामागे सॅमी यंगचा खून आहे. टस्कीगीचाच मुलगा, कॉलेजातला विद्यार्थी, नौदलातून आलेला, मतदार नोंदणीचं काम करणारा. ३ जानेवारी १९६६च्या रात्री पेट्रोल पंपावर गोऱ्यांच्या स्वच्छतागृहावरून वाद झाला आणि पंपवाल्याने त्याला गोळी घातली. वय एकवीस. खटला शेजारच्या ओपेलायकात चालला, सगळे पंच गोरे, आरोपी सुटला. त्याच वर्षी मेकन काउंटीने लुशियस अ‍ॅमर्सनला शेरीफ निवडून दिलं, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेतला पहिला काळा शेरीफ. आबांच्या त्या ४०० नावांची पुढची ही कथा.

सोनकी
मी चौकात उभी होते आणि फक्त बंद दुकानं पाहिली. पुन्हा जाईन तर हा धागा हातात घेऊन जाईन. तरी रानजाई, चहाचा थर्मास न्या, हे मी मागे घेत नाही.

कूट_घाला_थोडं
आणि रस्त्यात 'बॉइल्ड पीनट्स'ची पाटी दिसली की थांबा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, अगदी आपल्यासारख्या. आमच्या आईने टरफलांचा ढीग पाहून "इथे कोणी सातारचं आहे का?" विचारलं होतं.

आबा_वकील
सातारा प्रत्येक चांगल्या ठिकाणी असतो.

रानजाई
सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ अठ्ठावीस बाजूंच्या नकाशावरच अडकले. मग म्हणाले, चौक आधी, कार्व्हर नंतर. तर आता क्रम सांगा. एकच दिवस आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात.

तांबडमाती
सकाळी आधी मोटन फील्ड. दुसऱ्या महायुद्धातल्या काळ्या वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण इथेच झालं, सुमारे हजार वैमानिक तयार झाले. हँगरमध्ये विमानं आहेत, सपाट जागा आहे, गुडघ्यांना त्रास नाही, तिकीटही नाही. मग चौक, गाडी कोर्टासमोरच लावता येते. चौकापासून जवळच फ्रेड ग्रे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं इतिहास केंद्र आहे, डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या माणसांची नावं तिथे कोरलेली आहेत. आधी उघडं आहे का ते विचारा.

दुपारी कॅम्पस. वॉशिंग्टन यांचा पुतळा बघा: बसलेल्या तरुणाच्या अंगावरचं वस्त्र ते उचलतायत, आणि तो तरुण नांगर नि ऐरणीवर बसलाय, मांडीवर उघडं पुस्तक. कार्व्हर आणि वॉशिंग्टन दोघांची समाधी चॅपलजवळ शेजारी शेजारी आहे. संग्रहालय आणि वॉशिंग्टन यांचं घर कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतं, तर निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वेळा बघा.

शनिवारी येणार असाल तर मी ऑबर्नहून येतो. सासऱ्यांना जमीन दाखवतो, उत्तरेकडची रेताड आणि दक्षिणेकडची काळी चिकण, दोन्ही एकाच काउंटीत आहेत.

रानजाई
शनिवारच. व्यक्तिगत निरोप पाठवते. पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी आमच्याकडून.